ट्रकचं इंजिन बांधायचं की बदलायचं?

साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की सोलापुरातल्या गॅरेजांत इंजिनं उघडायला लागतात. हंगामभर ओव्हरलोड ऊस ओढलेली गाडी मार्चअखेर धूर मारते, ऑइल पिते, आणि मालकाच्या कानावर वाक्य येतं, ‘शेठ, इंजिन काम निघालं.’ फिटर म्हणतो बांधू, म्हणजे हेच इंजिन उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडू. ओळखीचा कोणी म्हणतो, कशाला बांधता, तयार इंजिन आणून टाका. दोघंही किंमत सांगतात, मोजमाप कोणी सांगत नाही. खरं तर निर्णय मोजमापावरच व्हायला हवा, म्हणून पायऱ्या त्या क्रमाने घ्या.

पायरी १ : काम खरंच निघालंय का?

काळा धूर म्हणजे इंजिन गेलं असं नाही. एअर फिल्टर तुंबलाय, टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) होज फाटलाय की इंजेक्टर गळतोय, हे आधी बघा. निळा धूर ऑइल जळतंय हे सांगतो, पण ते ऑइल टर्बोच्या सीलमधूनही येऊ शकतं. इंजिन गरम असताना ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धापा टाकल्यासारखा धूर येत असेल, ज्याला आपल्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची तपासणी, करून घ्या. बहुतेक डिझेल इंजिनात आकडा साधारण ३५० ते ४५० पीएसआयच्या आसपास असतो. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये बघावी. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. सगळे सारखे उतरले असतील तर झीज. शेजारशेजारचे दोनच पडले असतील तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सीलची पट्टी), आणि तिथे पूर्ण इंजिन उघडायची गरज बहुधा नसते. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद पसरून बघा. तांब्याच्या रंगाची चमक दिसली की बेअरिंगचा वरचा थर गेलेला असतो. मग एक किलोमीटरही गाडी चालवू नका, कारण क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) वाचण्याची शक्यता तेवढ्यावरच असते.

पायरी २ : कशाने गेलं ते शोधा

ही पायरी लोक सर्रास टाळतात. मूळ कारण तसंच राहिलं तर बांधलेलं इंजिनही जाईल आणि बदललेलंही.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि बोअरवेलचं पाणी जड. ते रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की आत क्षार बसतो, पाण्याच्या वाटा अरुंद होतात आणि इंजिन तापतं. रेडिएटर साफ करून कूलंट भरायचं, हे इंजिन कामाचाच भाग समजा.

दुसरं कारण जोरदार गाडीच्या हौसेचं. जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाडीत पंपाची सेटिंग चढवून डिझेल वाढवलं की गाडी ओढते खरी. पण वाढलेल्या डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही तर एक्झॉस्टची उष्णता चढते, पिस्टनचा माथा तडकतो किंवा वितळतो आणि टर्बो जातो. असं इंजिन बांधलंत तर पंप कॅलिब्रेशनला देऊन कंपनीच्या सेटिंगवर आणा. जास्त ओढ हवी असेल तर आधी हाऊसिंगचा (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचा) रेशो आणि भरलेला माल बघा.

पायरी ३ : उघडा, मोजा, लिहून घ्या

इंजिन खोलायच्या मजुरीचं आधीच ठरवा. मोजमापानंतर तुम्ही ‘बदलतो’ म्हणालात तरी फिटरला त्याचे पैसे मिळायला हवेत, नाहीतर तो बांधायचाच सल्ला देणार.

सर्वांत आधी ब्लॉक. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल किंवा मेन बेअरिंगच्या जागी तडा असेल तर पुढचं काही मोजू नका, बदला. ब्लॉक शाबूत असेल तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा मोजून घ्या. टाटा ६९७ सारख्या लायनरच्या (सिलिंडरमध्ये बदलता येणारी नळी असलेल्या) इंजिनात लायनर-पिस्टनचा नवा सेट बसतो. फक्त लायनरची कॉलर बसते ती जागा सपाट हवी. टाटांच्या अनेक जुन्या ट्रकमधलं कमिन्सचं ५.९ लिटर बी सीरिज इंजिन वेगळं. त्यात सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच बोअर केलेले असतात. बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतो, पण ०.५० आणि १.०० मिमी या दोन्ही पायऱ्या संपल्या असतील तर स्लीव्ह (बोअरमध्ये ठोकून बसवायची नळी) टाकावी लागते. तिथे बोरिंगवाल्याचा हात कसा आहे यावर सगळं.

मग क्रँक. ग्राइंडिंग ०.२५ मिमीच्या टप्प्यांत होतं; फिटर त्याला इंचाच्या हजाराव्या भागांत दहा, वीस, तीस म्हणतात. स्टँडर्डवरून दहावर जाणारी क्रँक म्हणजे नशीब. आधीच तीसवर असेल तर पुढच्या वेळी नवीच लागणार, तो खर्च आजच धरा. हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या, तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हे सगळे आकडे कागदावर मागा. द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडे इंजिन ठेवू नका.

पायरी ४ : उभ्या गाडीचे पैसे धरा

समजा बांधायला २० दिवस आणि बदलायला ६ दिवस लागतात, आणि उभी गाडी दिवसाला ३,००० रुपये खाते. म्हणजे बांधणीच्या कोटेशनमध्ये ४२,००० रुपये मिळवूनच तुलना करा. एप्रिल-मेमध्ये उसाच्या गाडीला तसंही काम कमी, तेव्हा हा फरक जवळपास पुसला जातो. दसऱ्याच्या तोंडावर तोच निर्णय उलटू शकतो.

माझं मत सांगतो. ब्लॉक आणि क्रँक चांगले असतील तर बांधा. आपल्या इंजिनाचा इतिहास आपल्याला माहीत असतो, बाहेरून आणलेल्याचा नसतो. ब्लॉक गेला असेल तर आधी कंपनीचं रिकंडिशन्ड इंजिन विचारा. टाटांचं प्रोलाइफ आहे, जुनं देऊन घ्यायचं. कबाडीतलं इंजिन सगळ्यात शेवटी.

पायरी ५ : बांधायचं ठरलं तर

ऑइल पंप, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप जुने ठेवून पैसे वाचवू नका. पहिल्यांदा चालू केल्यावर तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, त्याने रिंगा बसत नाहीत. हलका माल भरून आरपीएम कमी-जास्त करत चालवा. पहिलं ऑइल ५०० ते १,००० किलोमीटरला बदला, टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) पुन्हा तपासा. त्यानंतरच तुळजापूरचा घाट पूर्ण लोडवर चढवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा.

पायरी ६ : बदलायचं ठरलं तर

त्याच मेकचं, त्याच मॉडेलचं इंजिन घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाडीत जुन्या बीएसचं इंजिन बसवायचा विचारही नको. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, धूर साफ करणारी युरियाची यंत्रणा, सगळं अडकतं आणि कायदाही. वापरलेलं इंजिन थंड असताना चालू करून दाखवायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर काहीतरी लपवलंय. पंप, टर्बो आणि स्टार्टर किमतीत आहेत का, तेही विचारा.

कागदपत्रांत कसूर नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला आरटीओची मान्यता लागते. बदलल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती घ्या, आणि विमा कंपनीलाही नंबर कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर तोच पडताळतो. विकणाऱ्याच्या पक्क्या बिलावर इंजिन नंबर हवा आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा हवा, नाहीतर चोरीच्या गाडीचं इंजिन गळ्यात पडायचं. तुमचा जुना ब्लॉक भंगारात देताना त्यावरच्या नंबराचा फोटो काढा आणि विक्रीची पावती आरसीसोबत ठेवा.