पिल्लू घाबरून चावू नये म्हणून: आठव्या ते चौदाव्या आठवड्यातलं काम

सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुत्रा कुणाला चावला की घरचे हमखास म्हणतात, "आजवर कधी असं केलं नव्हतं." चावला नसेलही, पण सांगत मात्र होता. तोंड फिरवत होता, नाक चाटत होता, झोप नसताना जांभया देत होता, अंग आखडून उभा राहत होता. घाबरलेल्या कुत्र्याला मागे सरकायला जागा उरली नाही की तो दात लावतो. समोरचा हात मागे घेतो आणि कुत्र्याला कळतं की हा उपाय लागू पडतो. पुढच्या वेळी तो गुरगुरण्यात वेळ घालवत नाही.

ही भीती मुळात बसूच नये याची संधी थोडीच असते. साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात पिल्लू नवी माणसं, आवाज, जागा सहज आपल्याशा करतं. त्यानंतर अनोळखी म्हणजे धोका, हे गणित पक्कं होऊ लागतं. पिल्लू घरी आणायचं ते आठ आठवडे पूर्ण झाल्यावरच. त्याआधी ते विकायला 2017 च्या केंद्रीय नियमांनी ब्रीडरना बंदी आहे, तरी महिनाभराची पिल्लं दाखवली जातात. ती घेऊ नका. दात किती जोरात लावायचा हे पिल्लू भावंडांकडून शिकतं: जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबतो. हा धडा घरी शिकवणं फार जड जातं.

म्हणजे तुमच्या हाती उरतात जेमतेम सहा आठवडे. लसींचे डोस मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. "लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका" हा सल्ला शब्दशः पाळला, तर संधी घरातच संपून जाते. पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराची, भीती खरी आहे. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो आणि ठाण्यातला किंवा नेरुळमधला कुठलाही फुटपाथ भटक्या कुत्र्यांच्या वाटेवरचाच. त्यावर मार्ग एकच: पिल्लू बाहेर न्यायचं, पण कडेवर. एक हात छातीखाली, एक बुडाखाली. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात पंजा बुडू द्यायचा नाही, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणाऱ्या आजाराचा, धोका असतो. पहिली लस होऊन सात दिवस झाले की, लस घेतलेल्या पिल्लांच्या वर्गात स्वच्छ पुसलेल्या फरशीवर सोडायला हरकत नाही. तरी आपल्या पशुवैद्यांना एकदा विचारा.

ठाण्यातल्या तलावपाळीला न्यायचं तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी सातला. रविवारी संध्याकाळी मुळीच नाही. उपवनचा काठ, वाशीचं सागर विहार, नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, सगळीकडे हेच. आत कुत्र्यांना मनाई असेल तर बाहेरच्या बाकावर बसा. मांडीवर घरातला जुना टॉवेल घ्या, त्याला घराचा वास असतो. दहा मिनिटं पुरे. गर्दीत नेऊन आणलं की पिल्लू सोशल होतं, हा समज या कामात सगळ्यात जास्त नुकसान करतो.

सोबत बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, चणाडाळीएवढे तुकडे, साधारण तीस. कांदा-लसूण लागलेलं काही नको. खाऊ दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावा आणि तेवढं जेवण कमी करावं, नाहीतर पोट बिघडतं.

आता मुख्य गोष्ट, क्रम. आधी नवी गोष्ट दिसली पाहिजे, मग एक-दोन सेकंदांत तुकडा. छत्रीवाला माणूस दिसला, तुकडा. तो गेला, तुकडे बंद. हे उलटं झालं, म्हणजे खाऊचा डबा आधी वाजला आणि माणूस मग आला, तर डबा वाजला की काहीतरी भीतिदायक येणार, असं पिल्लू शिकतं. मग घरातही डब्याच्या आवाजाला ते दचकतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

तुकडा घेतलाच नाही, किंवा एरवी हळू घेणाऱ्या पिल्लाने बोटासकट ओढला, तर अंतर कमी पडतंय. पाच पावलांवर असाल तर दहावर जा. कडेवरच्या पिल्लाला स्वतः पळता येत नाही, म्हणून पाठ फिरवून निघून जाणं हे तुमचं काम आहे.

आणखी एक चूक चांगल्या मनाने होते: अनोळखी माणसाच्या हातात खाऊ देऊन "याला भरवा" म्हणणं. भित्रं पिल्लू वासाने पुढे ओढलं जातं, तुकडा संपतो, आणि आपण या माणसाच्या अगदी जवळ आलोय हे त्याला तेव्हा उमगतं. चावा बसू शकतो तो त्याच क्षणी. खाऊ तुमच्याच हातात ठेवा. पाहुण्याला पिल्लाकडे तोंड न करता, बाजू करून खाली बसवा, नजर दुसरीकडे. पिल्लू आपण होऊन गेलं तर हनुवटीखाली तीन सेकंद खाजवून हात मागे. पुन्हा आलं तर पुन्हा. डोक्यावरून हात नको. मुलांनाही हाच नियम, आणि पळणारी मुलं सुरुवातीला लांबूनच दाखवायची.

लिफ्ट वेगळी शिकवावी लागते, कारण तिथे मागे सरकायला जागाच नसते. पहिले दोन दिवस फक्त दारापासून चार पावलांवर थांबा: दार उघडलं, तुकडा, बंद झालं, तुकडे बंद. मग रिकाम्या लिफ्टमध्ये एक मजला. मग ओळखीचा एक माणूस आत. पिल्लू कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि लोकांच्या मध्ये. दार उघडल्यावर हेल्मेट घातलेला, पाठीवर मोठी चौकोनी पिशवी लावलेला डिलिव्हरीवाला दिसला आणि पिल्लाचे कान मागे गेले, डोळ्यांतला पांढरा भाग दिसू लागला, तर "तुम्ही जा" म्हणून ती लिफ्ट सोडा. घरी एक हेल्मेट जमिनीवर ठेवून भोवती तुकडे टाका, दोन दिवसांनी घरातल्याने ते घालून बसावं. रेनकोट, काठी, वॉचमनची टोपी, सगळं असंच.

आवाजांसाठी मोबाइलवर ढोल-ताशा आणि फटाके सगळ्यात कमी आवाजावर लावा, पिल्लू जेवत असताना तीन ते पाच मिनिटं. जेवण थांबलं नाही तर दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वाढवा. पण मोबाइलच्या स्पीकरला ढोलाची छातीत घुमणारी थाप येत नाही. म्हणून दहीहंडीच्या सरावाचा किंवा मिरवणुकीचा खरा आवाज तीन-चार इमारती पलीकडून ऐकवायला हवा. हंडीच्या दिवशी ठाण्यातल्या नौपाड्याच्या गर्दीत घेऊन जाणं म्हणजे केलेलं सगळं काम वाया घालवणं.

पंजे, कान, हिरड्या यांना रोज हात लावा: स्पर्श एक सेकंद, लगेच तुकडा. नेलकटर आधी नुसतं दाखवा, मग नखाला टेकवा, मग एका दिवशी एकच नख कापा. जेवताना वाटी काढून घेऊन "सवय" लावू नका. जवळून जाताना वाटीत चिकन टाका, म्हणजे हात दिसला की त्याला काही मिळणार असं वाटेल.

आणि गुरगुरण्यावर कधीही ओरडू नका, मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली तर भीती तशीच राहते, फक्त सूचना जाते, आणि मग उरतो थेट चावणारा कुत्रा.

चावा बसलाच, पिल्लाचा का असेना, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, तिखट, चुना काही लावू नका.

कुत्रा चार महिन्यांपुढचा असेल तर पद्धत हीच, फक्त अंतर जास्त आणि वेळ आठवड्यांऐवजी महिन्यांत मोजायचा. आधी चावला असेल तर पशुवैद्यांकडून दुखणं तपासून घ्या, कारण कान किंवा सांधे दुखत असले तर प्रशिक्षणाचा उपयोग होत नाही. त्याला टोपलीसारखं मुसकं शिकवा: पाच-सहा दिवस आत पनीर ठेवून तोंड स्वतःहून घालू द्या, पट्टा त्यानंतर. कापडी घट्ट मुसकं नको. त्यात जीभ बाहेर काढून धापा टाकता येत नाहीत, आणि इथल्या उकाड्यात कुत्र्याला अंग थंड ठेवायला तोच मुख्य मार्ग असतो.