सिव्हिल ड्रॉइंगवरून डिजिटल टेरेन मॉडेल: आधी कडा, मग कंटूर

डिजिटल टेरेन मॉडेल म्हणजे जमिनीच्या चढउतारांचं संगणकातलं त्रिमितीय रूप. ग्रेडिंग प्लॅन, म्हणजे तयार जमिनीच्या उंच्या दाखवणारं ड्रॉइंग, हातात आला की बहुतेक जण आधी कंटूर (समान उंचीच्या रेषा) उचलतात, त्यांना लेव्हल, म्हणजे उंची, देतात आणि सॉफ्टवेअरला सरफेस (जमिनीचा पृष्ठभाग) बनवायला सांगतात. मूळ जमिनीच्या सर्व्हेवर हे बऱ्यापैकी चालतं, डिझाइनच्या जमिनीवर नाही. डिझायनरने आधी रस्त्याची मध्यरेषा, कर्ब, प्लिंथ आणि चेंबर यांच्या लेव्हल ठरवलेल्या असतात आणि कंटूर त्यातून निघालेले असतात. मॉडेलही त्याच क्रमाने बांधायचं. स्पॉट लेव्हल (एकेका बिंदूची लिहिलेली उंची) आणि कडा हा कच्चा माल, कंटूर शेवटी तपासायला.

फाइल साफ करताना

सगळ्यात आधी युनिट. आर्किटेक्टची फाइल मिलिमीटरमध्ये आणि ग्रेडिंगची मीटरमध्ये असणं नेहमीचंच. ज्याचं माप लिहिलेलं आहे अशी लांबात लांब रेषा मोजून बघा. नुसती पीडीएफ मिळाली असेल तर आडवं आणि उभं अशी दोन्ही मापं तपासा, कारण स्कॅन केलेला कागद एका दिशेने ताणला गेलेला असू शकतो. पीडीएफ व्हेक्टर असेल तर रेषा थेट काढून घेता येतात. स्कॅन असेल तर त्यावर हातानेच ट्रेस करावं लागतं.

फाइल साइटच्या कोऑर्डिनेटवर आहे का, हे किमान दोन कंट्रोल पॉइंटवर, म्हणजे साइटवर मोजून पक्क्या केलेल्या बिंदूंवर, पाहा. एकाच पॉइंटवर जुळवलं तर फिरलेलं ड्रॉइंग लक्षात येत नाही. मग सगळ्या रेषा शून्य उंचीवर सपाट करा. काही रेषांना कुठल्यातरी जुन्या कामाची उंची चिकटलेली असते आणि अशी एखादी रेषा सरफेसमध्ये शिरली की तिथे शंभर मीटरची विहीर पडते.

ड्रॉइंगवरची संक्षिप्त नावं नीट लावून घ्या. एनजीएल म्हणजे मूळ जमीन, एफजीएल तयार जमीन, एफआरएल तयार रस्ता, एफएफएल आतली फरशी. आयएल म्हणजे पाइपचा तळ. तो जमिनीच्या सरफेसमध्ये कधीच घ्यायचा नाही. जागा वाचवायला पुढचा आकडा गाळलेलाही असतो. ४५.२० म्हणजे १४५.२० आहे का, हे नोट्समध्ये सापडतं. आणि लेव्हलचा बिंदू अक्षरांच्या जागी नसतो. तो फुलीवर किंवा बाणाच्या टोकावर असतो, त्यामुळे मजकुरावरून आपोआप पॉइंट बनवणाऱ्या कमांडवर विसंबू नका.

ब्रेकलाइन

सॉफ्टवेअर बिंदू जोडून त्रिकोणांचं जाळं, म्हणजे टिन, तयार करतं. डेलॉनेच्या नियमाने ते शक्यतो निमुळते त्रिकोण टाळतं, पण कर्ब कुठे आहे हे त्याला कळत नाही. मध्यरेषेवरचा बिंदू थेट पलीकडच्या फुटपाथला जोडला जातो आणि रस्त्याची कड गायब होते. ब्रेकलाइन दिली की त्रिकोणांना ती ओलांडता येत नाही. म्हणून उतार जिथे जिथे बदलतो, तिथे तिथे एक ब्रेकलाइन हवीच: मध्यरेषा, कर्बचा पाया, कर्बचा माथा, गटाराचा तळ, भरावाचा माथा आणि पायथा, प्लिंथभोवतीची कड.

दोन लेव्हलच्या मधली उंची रेषेच्या लांबीवरून काढा. कर्बवर २४ मीटर अंतरावर १०१.२० आणि १००.८४ असेल तर उतार १.५ टक्के, आणि वरच्या टोकापासून १० मीटरवर १०१.०५. वळणावर अंतर चापावरून मोजायचं, सरळ नाही. शिवाय ड्रॉइंगवर उताराचा बाण असेल तर आलेला उतार त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळत नसतील तर डिझायनरला लेखी विचारा, मनाने एक निवडू नका.

चाप सरफेसमध्ये जाताना लहान सरळ तुकड्यांचा होतो. तुकड्याच्या मध्यावरची चूक म्हणजे तुकड्याच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. ६ मीटर त्रिज्येच्या कोपऱ्यावर १ मीटरचे तुकडे घेतले तर जवळजवळ २१ मिमी चूक होते, अर्ध्या मीटरचे घेतले तर साधारण ५ मिमी. २५ मीटर त्रिज्येवर मात्र १ मीटरनेच ५ मिमीत काम होतं. सगळीकडे १० सेंमीचे तुकडे पाडले तर फाइल उगाच फुगते.

कर्बचा चेहरा उभा असतो आणि टिनमध्ये एका जागी दोन उंच्या बसत नाहीत. माथ्याची रेषा पायाच्या रेषेपासून १० मिमी मागे सरकवून तिला १५० मिमी, किंवा ड्रॉइंगमध्ये असेल तेवढी, जास्त उंची द्या. रॅम्पवर ही उंची हळूहळू उतरते, ते विसरू नका. रिटेनिंग वॉलला हीच युक्ती लागू पडते, पण तिथे भिंतीची खरी जाडी घेतलेली बरी.

दोन ब्रेकलाइन एकमेकींना छेदत असतील तर छेदाच्या जागी दोघींची उंची एकच हवी. नसेल तर काही सॉफ्टवेअर शेवटची रेषा धरतात, काही सरासरी काढतात, काही एक रेषा गुपचूप सोडून देतात. छेद जिथे आहे तिथे दोन्हींवर बिंदू टाकणं हाच खात्रीचा उपाय. हा त्रास जंक्शनवर सर्वाधिक होतो. बहुधा मुख्य रस्त्याचा कॅम्बर (मध्यापासून कडांकडे जाणारा उतार) सलग ठेवून आडव्या रस्त्याची मध्यरेषा त्याच्या कडेच्या लेव्हलला आणून मिळवलेली असते, पण शेवटचा शब्द जंक्शनच्या डिटेलचा.

कंटूर घ्यावेच लागले तर

हिरवळीचा भाग किंवा मोठा भराव अशा ठिकाणी कंटूरशिवाय काही नसतं. तिथे एकाच कंटूरवरचे तीन बिंदू जोडून सपाट त्रिकोण तयार होतात, विशेषतः उंचवट्याच्या सोंडेवर आणि घळीत. माथ्याची आणि घळीची रेषा स्वतः काढून तिला मधल्या उंच्या द्या, सपाटी जाते.

बाहेरची हद्दही द्या. ती नसेल तर सॉफ्टवेअर आत वळलेल्या कडांवरून लांबलचक त्रिकोण ताणतं आणि घनफळात नसलेली माती येते.

तयार लेव्हल आणि खोदाईची लेव्हल

खोदाईच्या मशीनला आणि मातीच्या हिशेबाला बहुधा तयार पृष्ठभाग नको, सबग्रेड, म्हणजे वरच्या थरांखालचा मातीचा पृष्ठभाग, हवा असतो. रस्त्याची एकूण जाडी ५५० मिमी असेल तर तेवढं खाली या, पण फक्त रस्त्याखाली. इमारतीखाली, फुटपाथखाली आणि हिरवळीखाली जाडी वेगवेगळी असते, म्हणून प्रत्येक भागाची बंद हद्द करून वेगळं सरकवा. सबग्रेड कर्बच्या मागे किती जातो हे आडव्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये असतं.

उतारावर मातीच्या थराची जाडी उताराला काटकोनात मोजली जाते, सरफेस मात्र उभा सरकतो. १:३ उतारावर १५० मिमी थरासाठी १५८ मिमी उतरावं लागतं, १:१.५ वर १८० मिमी. एक हेक्टरवर सरसकट १० मिमी चुकलं तर १०० घनमीटर होतात.

तपासणी

आता कंटूर कामाला येतात. मॉडेलमधून प्लॅनच्याच अंतराने कंटूर काढा आणि डिझायनरच्या कंटूरवर ठेवा. थोडी सरकासरक चालते, पण आकार वेगळा दिसला तर तिथे ब्रेकलाइन सुटली आहे किंवा लेव्हल चुकीची टाइप झाली आहे. मग अंतर ०.१ मीटर करून पुन्हा पाहा. पक्क्या भागात कंटूर जवळजवळ समांतर धावायला हवेत, दातेरी दिसले तर त्रिकोण उलटे पडले आहेत. उंची पाच ते दहापट वाढवून त्रिमितीत फिरवलं की काटे आणि खड्डे लगेच उठून दिसतात. पाणी कुठे वाहतं ते बाणांनी पाहा. चेंबर नसलेल्या जागी खळगा दिसला तर चूक तुमची आहे की डिझाइनची, ते आत्ताच शोधा.

मशीनला फाइल देताना लँडएक्सएमएल (सरफेसच्या देवाणघेवाणीचा फाइल प्रकार) चालतं का ते विचारा, नाहीतर डीएक्सएफमध्ये त्रिमितीय त्रिकोण द्या. दिलेली फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडून चार-पाच स्पॉट लेव्हल वाचा. एक्सपोर्ट करताना काही प्रोग्रॅम हद्द सोडून देतात, काही एक्स आणि वाय यांची अदलाबदल करतात. फाइलच्या नावात ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर आणि हा सरफेस तयार लेव्हलचा की सबग्रेडचा, एवढं तरी लिहा.