नवी टर्बो एसयूव्ही घ्यावी की आहे तीच ठेवावी?

चार वर्षं वापरलेली एसयूव्ही आणि शोरूमची कोरी गाडी एकाच दिवशी चालवली की कोरी गाडी उजवी वाटणारच. त्यातला किती भाग नव्या इंजिनाचा आणि किती जुन्या गाडीच्या दुर्लक्षाचा, हे मात्र त्या फेरीत कळत नाही. म्हणून शोरूमला जाण्याआधी आपली गाडी लिफ्टवर चढवून घ्या आणि तिला तिच्या मूळ ताकदीवर आणा. तुलना त्यानंतर.

सुरुवात टायरपासून. टायरच्या बाजूवर कोरलेल्या DOT या अक्षरांपुढच्या खुणेचे शेवटचे चार अंक वाचा. 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. पाच वर्षांपुढे रबर कडक होत जातं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं, नक्षी शिल्लक दिसत असली तरी. नक्षीची कायदेशीर मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे, पण गोव्याच्या पावसात 3 मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदलाच. ब्रेक पॅडलाही हाच 3 मिलिमीटरचा नियम लावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. चोर्ला घाट उतरताना पेडल मऊ पडतं ते बऱ्याचदा यामुळे. आपल्याकडच्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलायला हवं.

मग पिकअप. टर्बोपासून (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंत (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या जोडांवर बोट फिरवा. हलका तेलकटपणा चालतो. पण क्लॅम्पजवळ ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसला, तर दाबाची हवा तिथून निसटते आहे. क्लॅम्प घट्ट करणं किंवा नळी बदलणं हे किरकोळ काम आहे, आणि त्याने गेलेली ओढ परत येते. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधली गळती हेही याच फेरीत बघून घ्या.

गोव्यात एक तपासणी जास्तीची करावी लागते. कळंगुट, मिरामार, कोलवा अशा किनाऱ्यालगत उभी राहणारी गाडी खारी हवा खाते. टॉर्च घेऊन सबफ्रेमचे (गाडीखालची, इंजिन आणि चाकांचे भाग पेलणारी चौकट) वेल्डिंगचे सांधे, ब्रेकच्या धातूच्या नळ्या आणि सायलेन्सरचे जोड बघा. तारेच्या ब्रशने तांबूस थर निघून खाली चकचकीत धातू दिसला, तर तो वरवरचा गंज. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पापुद्रे सुटू लागले, तर आतला पत्रा खाल्ला गेला आहे. सबफ्रेमवर असे पापुद्रे निघाले, तर ताकदीचा विचार बाजूला ठेवून गाडी बदला. त्या गाडीवर पैसे घालत बसण्यात अर्थ नाही.

आता आकडे. जाहिरातीत पीएस, म्हणजे ताकदीचे आकडे, मोठ्या अक्षरात असतात, रोजच्या रस्त्यावर मात्र टॉर्क, म्हणजे न्यूटन-मीटरमध्ये मोजला जाणारा फिरवण्याचा जोर, जाणवतो. 2020 च्या ह्युंदाई क्रेटाचं 1.4 लिटर टर्बो पेट्रोल इंजिन 140 पीएस आणि 242 न्यूटन-मीटरचं होतं. 2024 मध्ये आलेल्या क्रेटा एन लाइनचं 1.5 टर्बो 160 पीएस आणि 253 न्यूटन-मीटरचं आहे. ताकद 14 टक्के वाढली, टॉर्क पाच टक्केसुद्धा नाही, आणि दोन्ही इंजिनांत पूर्ण टॉर्क 1,500 आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हाती येतो. फोंड्याच्या वाटेवर ट्रक ओलांडताना आरपीएमची सुई 2,000 ते 3,000 मध्ये असते. तिथे या दोघींत फारसा फरक नाही. वरचे 20 पीएस इंजिन 4,500 च्या पुढे पळवल्यावर मिळतात, आणि तसं पळवायला सरकारी मर्यादेत बसणारा मोकळा रस्ता आपल्याकडे थोडाच आहे.

उलट, तुमच्याकडे साधं, टर्बो नसलेलं 1.5 पेट्रोल असेल, 115 पीएस आणि 144 न्यूटन-मीटरचं, तर टर्बोवर जाणं म्हणजे टॉर्कमध्ये सुमारे 75 टक्क्यांची वाढ. चार माणसं, सामान आणि एसी चालू ठेवून मोल्याहून अनमोड घाट चढताना हा फरक पहिल्या वळणावरच कळतो. एका टर्बोवरून त्याच्या पुढच्या टर्बोवर उडी मारण्यापेक्षा या बदलाला आम्ही केव्हाही जास्त किंमत देऊ.

ट्रायल शोरूमच्या ठरलेल्या सपाट तीन किलोमीटरांवर घेऊ नका. घाटाचा चढ मागा, घरची माणसं बसवा. गणेश चवथीच्या आसपास पाऊस अजून असतो, तेव्हाची ट्रायल सर्वांत उपयोगी: ओल्या वळणावरची पकड, काचेवरचं धुकं, रात्रीचे दिवे, सगळं एका फेरीत दिसतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर 40 ते 80 किलोमीटर वेग गाठायला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्याला मोबाइलवर चित्रित करू द्या, तीनदा. मग तेच आपल्या, दुरुस्त केलेल्या गाडीत करा. सरासरीत अर्ध्या सेकंदाहून कमी फरक आला, तर रोजच्या वापरात तो जाणवणार नाही.

गिअरबॉक्सही नीट विचारून घ्या. ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) जलद असतो, पण कोरड्या क्लचचा प्रकार चढावर ट्रकच्या मागे इंच-इंच सरकताना तापतो, कारण एक्सलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लच अर्धवट घसरत राहतो. पुढे अंतर सोडून ब्रेकवर थांबणं आणि मग एकदम निघणं, हा त्यावरचा उपाय. रोज घाट असेल, तर महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनमध्ये येतो तसा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक) जास्त निर्धास्त. डिझेल घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: पणजी-पर्वरी एवढाच रोजचा फेरा असेल, तर धुराच्या फिल्टरमधली काजळी जळायला पुरेशी उष्णता मिळत नाही. आठवड्यातून एकदा 20 मिनिटं सलग 60 च्या पुढे चालवणं जमणार नसेल, तर पेट्रोलच घ्या.

बुकिंगआधी टेप घेऊन आपलं फाटक मोजा. स्कॉर्पिओ-एनची रुंदी 1,917 मिलिमीटर आहे, आणि ती आरसे न धरता. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या खांबांमधून, तेही वळण घेऊन, ही गाडी आत घेताना दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरायला हवी.

पैशांचा हिशोब फरकावर करा. समजा, जुनीचे 11 लाख येतात आणि नवी रस्त्यावर 24 लाखांना पडते. वरचे 13 लाख 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 27,000 आणि एकूण व्याज 3 लाख 19 हजारांच्या घरात. 14 टक्के ताकदीसाठी एवढी रक्कम आम्हाला पटत नाही. सहा एअरबॅग आणि स्थिरता नियंत्रण जुन्या गाडीत नसेल, तर पटते. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा उपकर गेला आणि सरसकट 40 टक्के जीएसटी आला, म्हणजे एकूण कर उतरला, म्हणून त्याआधीच्या भावांवरून जुन्या गाडीच्या किमतीचा अंदाज बांधू नका. दहा लाखांवरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर) कापतात, तो प्राप्तिकर विवरणात वळता करून घेता येतो. शोरूमच्या कागदांत ही रक्कम वेगळी दाखवायला सांगा.

नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग पाच वर्षं दावा नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते. जुनी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. नव्या विम्यात इंजिन संरक्षण जोडाच. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही.

जुनी विकताना मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 लागतो. गिऱ्हाईक सावंतवाडीचं किंवा बेळगावचं असेल, तर फॉर्म 28 वर आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्रही लागतं. आरसीवर नाव बदलल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत अपघाताची आणि दंडाची नोटीस तुमच्याच नावे येते, तेव्हा सगळे पैसे हातात आले तरी ती नोंद तपासत राहा. फास्टॅग मात्र किल्ली देतानाच बंद करा.