स्पेलिंग घोकून नाही, ऐकून पाठ होतं: पहिली ते चौथीच्या पालकांसाठी

कोल्हापूरजवळ कळंब्याला माझ्याकडं संध्याकाळी दुसरी-तिसरीची पोरं येतात, बहुतेक सेमी-इंग्रजीची, म्हणजे घरात सगळं मराठीच. गेल्या जूनमध्ये एक मुलगी आली, डब्ल्यू-एच-ई-आर-ई व्हेअर असं एका दमात म्हणून दाखवायची, अगदी पाढ्यासारखं, आईला केवढा अभिमान. मी पुस्तकातल्या त्याच शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं हा कुठला गं, तर गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाली, "देअर?" तिनं शब्द पाठ केलाच नव्हता, तिनं चाल पाठ केली होती.

म्हणून पहिलं सांगणं हेच की दहा-दहा वेळा लिहून घेणं बंद करा. मीसुद्धा आधी तेच करायचे. पोरगं पहिली दोन वेळा शब्दाकडं बघतं, पुढं नुसते वरनं खाली रकाने भरतं, आधी सगळे डब्ल्यू मग सगळे ए, असं.

साईट वर्ड म्हणजे बघितल्या बघितल्या वाचता यावेत असे नेहमीचे शब्द. अमेरिकेत एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये मुलांच्या शब्दांच्या याद्यांमधनं असे २२० शब्द काढले, नामं वेगळी ठेवून, आणि आजही जगभर तीच यादी वापरतात. पण लोकांचा गैरसमज असा की हे शब्द चित्रासारखे डोळ्यात साठवायचे असतात. तसं नसतं. लिनिया एहरी ह्या संशोधक बाईंनी यावर अनेक दशकं काम केलंय, त्यांचं म्हणणं असं की शब्दातला आवाज आणि अक्षर यांची गाठ बसली की मगच तो शब्द बघताक्षणी ओळखू येतो. म्हणजे आधी कान, मग डोळा.

आणि इथं आपल्या पोरांचा फायदा आहे, कारण बाराखडी शिकलेल्या पोराचा कान तयार असतो. इंग्रजीतला 'द' आणि 'ड' त्याला वेगळा ऐकू येतो. म्हणून मी सरळ सांगते, इंग्रजी शब्दात द किंवा थ ऐकू आला तर टी-एच, ड ऐकू आला तर डी, ट ऐकू आला तर टी. दिस, दॅट, देम, दे, देअर, थ्री, थिंक सगळे एका फटक्यात बसतात. यावर एक पोरगा मला म्हणाला, "पण बाई, आमच्या रिक्षावर दादा डी नंच लिवलाय की!" अगदी बरोबर बोलला तो. आपली मराठी नावं इंग्रजीत लिहिताना आपण द ला डी च वापरतो, म्हणून पोरं दिस चं स्पेलिंग डी-आय-एस करतात. त्यांना हे सांगायचं की नावांचा कायदा वेगळा आणि इंग्रजी शब्दांचा वेगळा, की पोरं स्वतःच महाद्वार रोडच्या पाट्या वाचत वाचत शोधायला लागतात कुठला डी द चा आहे आणि कुठला ड चा.

दुसरी अडचण व ची. आपल्याला एकच व, त्यांच्याकडं दोन. तर डॉल्चच्या यादीत व्ही नं सुरू होणारा शब्द फक्त एकच आहे, व्हेरी. डब्ल्यूवाले मात्र वीसच्या वर आहेत, वॉज, वी, विल, वेंट, वॉन्ट, व्हॉट, व्हेन. म्हणजे यादीतला शब्द व नं सुरू झाला की डोळे झाकून डब्ल्यू लिही, व्हेरी आणि ओ नं लिहायचे वन, वन्स तेवढे लक्षात ठेव. आणि शेवटी व ऐकू आला तर व्ही लिहून पुढं ई लावायचा, हॅव, गिव्ह, लिव्ह, फाइव्ह, कारण इंग्रजी शब्द सहसा व्ही वर संपवत नाहीत. ऑव्ह, म्हणजे चा-ची-चे वाला ओ-एफ, हा एक वेगळाच, तिथं व ऐकू येतो पण एफ लिहितात, तो कार्डावर घ्यायचा.

कार्डं कशाची, तर जुन्या लग्नपत्रिकांची, मागची बाजू कोरी असते आणि कागद जाड असतो. पण सगळ्या शब्दांची कार्डं करू नका. इट, इन, कॅन, नॉट, अप हे आवाजावरनं सरळ लिहिता येतात, त्यांना कशाला कार्ड. कार्ड अवघड शब्दांचं, आणि त्यातसुद्धा अख्खा शब्द अवघड नसतो, एखादी जागाच वाकडी असते, तेवढीच लाल पेननं लिहायची. सेड मध्ये एस आणि डी ऐकू येतात तसेच आहेत, मधलं ए-आय लाल. वॉज मध्ये डब्ल्यू काळा, ए लाल कारण तिथं ऑ चा आवाज आहे, आणि एस लाल कारण तो जहाज मधल्या ज सारखा वाजतो. मराठीत ज दोन आहेत हे पोराला माहीत असतंच, जीभ चा आणि जहाज चा.

वाकड्या जागेचं कारण सांगता आलं तर अजून पक्कं बसतं. टू म्हणजे दोन, त्यात डब्ल्यू कशाला? तर ट्वेल्व, ट्वेन्टी, ट्वाइस, ट्विन बघा, सगळे दोनाचे भाऊबंद, त्यांच्यात तो डब्ल्यू अजून ऐकू येतो. हे सांगितल्यावर एका पोरीनं पाटीवर चारी शब्दांच्या डब्ल्यूला गोल केला, तेव्हापासनं तिचा टू चुकलेला नाही.

रोजचं काम दहा मिनिटांचं. कार्ड बघायचं, मोठ्यानं म्हणायचं, एकेक आवाज बोटावर मोजायचा, कार्ड पालथं घालायचं, लिहायचं, आणि पोरानं स्वतः ताडून बघायचं, आईनं नाही. आठवड्याला पाच शब्द, त्यापेक्षा जास्त नको. लिहायचा कंटाळा आला तर ताटात रवा पसरून बोटानं लिहू दे नाहीतर अंगणात खडूनं चौकोन आखून लंगडी घालत शब्द म्हणू दे, हात-पाय हलले की लहान पोरं जास्त वेळ टिकतात. श्रीखंडाचे दोन रिकामे डबे ठेवा, एकात चालू आठवड्याची कार्डं, दुसऱ्यात झालेली, आणि रविवारी झालेल्या डब्यातनं दहा काढून विचारायची, जे अडलं ते परत पहिल्या डब्यात. हा रविवार चुकवू नका, जुनं विसरतं ते इथंच कळतं.

शब्द आले की लगेच वाक्यात घाला, नाहीतर कार्डावर येतात आणि पुस्तकात अडतात. वाक्यं घरचीच, वी वेंट टू रंकाळा, आई सेड नो, दे वॉन्ट मिसळ. पोरं हसतात आणि दोनदा वाचतात.

डिक्टेशन तपासताना अख्ख्या शब्दावर लाल फुली मारू नका. पोरानं वॉज चं डब्ल्यू-ओ-झेड लिहिलं तर ते नीट ऐकून लिहिलंय, डब्ल्यू बरोबर आहे आणि झेड तर कानाला एकदम खरा आहे, तेवढं तोंडानं कौतुक करा आणि मग चुकलेल्या दोन अक्षरांच्या डोक्यावर फक्त बरोबर अक्षरं लिहा. पुढच्या वेळी तो त्या दोन अक्षरांपाशी थांबतो, कार्ड आठवतो आणि मग लिहितो.