गॅजेट रिव्ह्यू लिहायच्या लाईनीत येताय? आधी हे वाचा

दर महिन्याला दोन-तीन पोरं-पोरी तरी विचारतात, दादा टेक पत्रकारितेत यायचंय, कोर्स कुठला करू, कॅमेरा कुठला घेऊ. मी बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स करून सांगलीहून पुण्यात आलो आणि एका मराठी पेपरच्या पुरवणीत लागलो, पत्रकारितेची डिग्री माझ्याकडे नाही आणि तिच्यावाचून काही अडलं नाही. अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी, तेच आधी सांगतो.

२०१४ साल. फेब्रुवारीत मोटो जी फक्त फ्लिपकार्टवर आला, जुलैत शाओमीचा एमआय ३ आला, १३,९९९ रुपयांना, आणि सेल सुरू झाला की बघता बघता माल संपायचा. दुकानात जाऊन फोन हातात घ्यायचा, उलटा-सुलटा करून बघायचा, हा प्रकारच त्या फोनांपुरता बंद झाला. म्हणजे लोक न बघता पैसे भरणार, आणि त्यांच्या वतीने बघणारा कोण, तर रिव्ह्यू लिहिणारा. हे ओझं केवढं आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं. एका कंपनीची प्रेस नोट आली, बॅटरी दोन दिवस चालते म्हणून, फोन माझ्या हातात जेमतेम एक दुपार होता, आणि मी ते वाक्य मराठीत करून माझ्या नावाने छापलं. तीन आठवड्यांनी मिरजेच्या एका शाळेतल्या सरांचा ऑफिसात फोन आला. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही लिहिलंत म्हणून मुलीला घेतला हो, रोज संध्याकाळी पाचला बंद पडतोय, तुमच्याकडचा पण असाच पडतो का?" मला काही बोलताच येईना, कारण माझ्याकडे फोन होताच कुठे.

त्या दिवसापासून एकच नियम पाळतो: स्वतःचं सिम टाकून किमान दहा दिवस वापरल्याशिवाय 'रिव्ह्यू' हा शब्द लिहायचा नाही. पीआरवाले, म्हणजे कंपनीची प्रसिद्धी बघणारे, रिव्ह्यूसाठी युनिट (वापरून बघायचा फोन) पाठवतात आणि एम्बार्गो टाकतात, म्हणजे अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही, आणि बऱ्याचदा युनिट हातात येतं एम्बार्गो उठायच्या तीन-चार दिवस आधी. मग त्या वेळी जे लिहाल त्याला 'पहिली नजर' म्हणा, काय काय बघायचं राहिलंय तेही लिहा, खरा रिव्ह्यू नंतर द्या. नंतर दिला तर व्ह्यूज कमी येतात हे खरंय, संपादक कुरकुर करतो हेही खरंय, तरी तसंच करा.

दुसरं म्हणजे मोजायला शिका. पुण्यात टापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला यूएसबी मीटर मिळतो, अंगठ्याएवढा, चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा, व्होल्ट, अँपिअर आणि एकूण किती गेलं ते दाखवतो. माझं पहिलं खरं काम त्यानेच झालं. पॉवर बँकच्या खोक्यावर ठळक १०,००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) लिहिलेलं असतं, पण पाठीमागे, जिथे सगळे शिक्के असतात ना, तिथे मुंगीएवढ्या अक्षरात 'रेटेड कपॅसिटी', म्हणजे प्रत्यक्षात बाहेर मिळणारी क्षमता, लिहिलेली असते, ती बरीच कमी असते. यात फसवणूक नाही, हिशोब आहे. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर, आतल्या बॅटरी सेलचा व्होल्टेज ३.७, दोन्हींचा गुणाकार म्हणजे ३७ वॅट-अवर एवढी ऊर्जा, बाहेर येताना व्होल्टेज ५ करावा लागतो म्हणून ३७ भागिले ५, म्हणजे ७,४०० एमएएच उरले, आणि त्यातलंही काही उष्णतेत जातं. पण ५,००० एमएएचचा फोन दोनदा फुल होईल असं समजून माणूस पैसे देतो, आणि त्याला हा हिशोब कुणी सांगतच नाही. आपण सांगायचा. आमच्या पुरवणीत हे छापलं तेव्हा आठवडाभर लोक पॉवर बँकेच्या पाठीचे फोटो पाठवत होते, हे पण बघा, हे पण बघा.

मोजायला वेळ नसेल तर निदान खरवडून तरी बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्लीत रिंगिंग बेल्स कंपनीने २५१ रुपयांचा फ्रीडम २५१ आणला, मोठा कार्यक्रम झाला, बुकिंगला एवढी झुंबड उडाली की वेबसाईट बंद पडली. ज्यांनी प्रेस नोट छापली त्यांची बातमी एक झाली, आणि ज्यांनी हातातला सॅम्पल फोन नीट बघितला त्यांची वेगळीच: पुढच्या बाजूला व्हाईटनर लावून दुसऱ्याच कंपनीचं, ॲडकॉमचं नाव झाकलं होतं. व्हाईटनर! आपण शाळेत वहीवर लावायचो तोच. मी नव्या मुलांना हे दर वेळी सांगतो, कारण त्यासाठी ना लॅब लागते ना डिग्री, फोन उजेडात धरायची सवय लागते आणि एवढ्या पैशात स्क्रीन तरी येते का हा साधा प्रश्न पडावा लागतो.

पैशाचं स्पष्ट बोलतो. कंपनी फोन देते, प्रवास देते, कधी फोन 'ठेवून घ्या' म्हणते. मी परत करतो आणि कुरिअरची पावती जपून ठेवतो. फुकट मिळालेली वस्तूसुद्धा जाहीर करायला लागते, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे इन्फ्लुएन्सर नियम जून २०२१ पासून आहेत, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. 'जाहिरात' हा शब्द पहिल्या ओळीत लिहा, वीस हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी नको. खाली लिंक दिली असेल आणि त्यावर कमिशन मिळत असेल तर तेही.

आणि फोन जुना झाला म्हणून त्याच्यावर लिहायचं सोडू नका. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला कबूल करावं लागलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी होतो, अचानक बंद पडू नये म्हणून. ते कुठल्या लाँचच्या रिव्ह्यूतून बाहेर आलं नाही, एका साध्या वापरणाऱ्याने बॅटरी बदलली आणि फोन पुन्हा पळायला लागला त्यावरून बाहेर आलं, मग गीकबेंच हे फोनचा वेग मोजणारं ॲप बनवणाऱ्या जॉन पूलने हजारो फोनांचे आकडे मांडून दाखवलं, आणि पुढे अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आला. त्यामुळे मी प्रत्येक फोनचं सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत लिहितो, माझ्याकडे नसेल तर ज्याने घेतलाय त्याला गाठून.

शेवटचं, मराठीत लिहिणाऱ्यांसाठी, कारण इथे मैदान मोकळं आहे. बेंचमार्कचे, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे, आकडे इंग्रजीत शंभर जणांनी दिलेले असतात, ते परत देऊन काय मिळणार. फोनची भाषा मराठी करा आणि पूर्ण दिवस तसाच वापरा. सेटिंगमध्ये शब्द अर्धे कापले जातात का, बँकेचा मराठी मेसेज नीट दिसतो का. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'बाळ', 'ॲप' हे टाईप करा, ळ किती वेळा दाबल्यावर सापडतो ते मोजा. मे महिन्यात दुपारी बाराला स्टँडवर उभं राहून स्क्रीन वाचता येते का बघा, आंबा घाटात रेंज कुठे जाते ते लिहून ठेवा. व्हॉईस टायपिंग मी माझ्या आत्याकडून करून घेतो, ती कवठेमहांकाळची, तिच्या बोलण्यातली पाच वाक्यं मी ठरवून ठेवली आहेत आणि प्रत्येक फोनला तीच देतो. 'पोरगं रानात गेलंया' हे जो फोन बरोबर लिहील त्याचं मी रिव्ह्यूच्या पहिल्या परिच्छेदात लिहिणार आहे, अजून तरी लिहायची वेळ आलेली नाही.