लांगेची सहल आखायची असेल तर आधी जेवणाच्या वेळा बघा

इटलीच्या वायव्येला, तोरिनो शहराच्या दक्षिणेला, पिएमोंते प्रांतात लांगे नावाच्या टेकड्या आहेत. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही वाइन इथल्याच. पांढऱ्या ट्रफलसाठी, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या सुवासिक बुरशीसाठी, प्रसिद्ध असलेलं आल्बा इथलंच आणि नुटेलावाल्या फेरेरो कंपनीचं मूळ गावही तेच. २०१४ मध्ये इथले द्राक्षमळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ‘दोन दिवसांत आठ गावं’ छापाचे कार्यक्रम नेटवर पैशाला पासरी मिळतात. ते सरळ बाजूला ठेवा. तसं फिरलात तर आठ गावांचे वाहनतळ तेवढे बघून होतील.

हंगाम ठरवा. पांढरी ट्रफल खायचीच असेल तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. तेव्हा आल्ब्यात ट्रफलचा मेळा असतो, गर्दी असते, खोल्या महाग असतात आणि धुक्यात समोरची टेकडी दिसेलच असं नाही. ट्रफलचं वेड नसेल तर मे-जून निवडा. ऑगस्टमध्ये इटालियन लोक स्वतःच सुट्टीवर जातात, तो महिना टाळा.

व्हिसा. शेंगेनचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

मुक्काम एकाच ठिकाणी, निदान चार रात्री. गाडी चालवणार नसाल तर आल्बा. तोरिनोहून ब्रामार्गे तिथे ट्रेन जाते. गाडी असेल तर ला मोर्रा, मॉन्फोर्ते किंवा नेइव्हे या गावांच्या आसपास एखादं अ‍ॅग्रितुरिस्मो, म्हणजे शेतावरचं राहण्याचं घर घ्या.

आता दिवस बसवणं. खरी मेख इथे आहे. मलाही हे गणित लवकर जमलं नव्हतं आणि बहुतेकांची सहल इथेच फसते. नाशिकला एखाद्या वायनरीत वाटेल तेव्हा शिरून टेस्टिंग मागता येतं, म्हणून लोक इथेही तसेच दारात उभे राहतात. लांगेतली बरीचशी तळघरं, म्हणजे इथल्या वायनरी, घरगुती आहेत. तुम्हाला पिंपं दाखवणारी बाई सकाळी मळ्यात असते आणि दुपारी हिशेब बघते. वेळ ठरवल्याशिवाय दार उघडत नाही. रविवारी अनेक ठिकाणी बंद. बारोलो आणि बार्बारेस्को ज्यापासून होतात त्या नेब्बिओलो द्राक्षाची तोडणी उशिरा, बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास येते. त्या धामधुमीत लहान उत्पादक पाहुणे घेतच नाहीत.

दुसरी अडचण जेवणाची. दुपारचं स्वयंपाकघर साधारण साडेबाराला सुरू होतं आणि दोनच्या सुमारास ऑर्डर घेणं थांबतं. अडीचला पोचलात तर मिळालाच तर सँडविच. शिवाय प्रत्येक खानावळीचा आठवड्याचा सुट्टीचा दिवस वेगळा असतो, अनेकांचा मंगळवार किंवा बुधवार.

म्हणून कागद घ्या आणि दिवसांचे रकाने पाडा. ज्या खानावळींत जेवायचंय त्यांचे बंद दिवस आधी लाल पेनाने खोडा. मग दुपारची जेवणं पक्की करा. तळघरं त्यानंतर. सगळे सल्ले याच्या उलटे असतात, पण दहा-बारा टेबलांच्या खानावळीत जागा मिळणं हे तळघराची वेळ मिळण्यापेक्षा अवघड आहे. दिवसाला एकच तळघर घ्या, सकाळी साडेदहाचं. दीड-दोन तास जातात. जेवण त्याच गावात किंवा शेजारच्या. दुपारनंतर कुणालाही वेळ देऊन ठेवू नका. ला मोर्राच्या सज्जावरून मळे बघा, नाहीतर बार्बारेस्को गावच्या जुन्या चर्चमधल्या एनोतेकात, म्हणजे वाइनच्या दुकानात, जा. तिथे अनेक उत्पादकांच्या वाइन पेल्यावर मिळतात. शनिवारची सकाळ आल्ब्याच्या बाजारासाठी राखा. रविवारी ग्रिन्झाने कावूरचा किल्ला बघा. इटलीच्या एकीकरणातला कावूर तरुणपणी या गावाचा महापौर होता.

तळघराला ईमेल तीन-चार आठवडे आधी करा, शरद ऋतूत त्याहून आधी. तारीख, दोन पर्यायी वेळा, माणसं किती, त्यातली न पिणारी किती, एवढंच लिहा. आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. न कळवता दांडी मारणाऱ्यांमुळे नंतरच्यांची पंचाईत होते. मी हे फार बघितलंय.

दोन तळघरांत फरक कळावा म्हणून गावं वेगळी निवडा. ला मोर्राची बारोलो साधारण मऊ मानतात, सेर्रालुंगाची कडक. बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. तरीही ती नवी असताना कच्च्या जांभळासारखी तुरट लागते. म्हणून दोल्चेत्तो आणि बार्बेरा या इथल्याच दुसऱ्या वाइनही मागा. पिकदाणी ठेवलेली असते, ती वापरण्यात लाज कसली? इटलीत चालकासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. न पिणारा चालक नसेल तर टॅक्सी आधीच ठरवा. गावागावांतल्या बस विरळ आहेत, त्यांच्या भरवशावर तळघराची वेळ घेऊ नका.

गाडी. आपल्या परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. जुन्या शहरभागांत ‘झेडटीएल’ (ZTL, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेला भाग) अशी पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा टिपतो आणि दंड नंतर येतो.

शाकाहारी मंडळींनो, इथे ‘व्हेज’ म्हटलं की निश्चिंत होऊ नका. आन्योलोत्ती देल प्लिन या भरलेल्या पास्त्याच्या सारणात मांस असतं. भाज्यांसोबत येणारी बान्या काउदा ही गरम चटणी लसणाची वाटते, पण त्यात अँचोव्ही मासे असतात. रिसोत्तो या भाताच्या पदार्थात मांसाचं पाणी असू शकतं. बुकिंगच्या वेळीच लिहा: सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्चुगे, म्हणजे मांस, मासे आणि अँचोव्ही नको. ज्यांना अंडं चालतं त्यांनी लोणी-सेजमधली ताजारिन मागवावी. या बारीक शेवयांत पिवळा बलक भरपूर असतो. शेवटी हेझलनटचा केक.

ट्रफल. ती कच्चीच, तुमच्या समोर ताटलीवर किसतात आणि ग्रॅमवर पैसे लावतात. किसण्याआधी भाव विचारा आणि आधी-नंतर वजन करायला सांगा. त्यात कुणाला काही वाटत नाही. ट्रफल तेलाच्या बाटल्या मात्र घेऊ नका. बहुतेकांत वास कारखान्यात बनवलेला असतो. ताजी ट्रफल घरी आणायचा विचारही सोडा, काही दिवसांतच वास उडून जातो.

परतताना प्रत्येक प्रौढाला भारतात दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या. तिसरीवर शुल्क भरायची तयारी ठेवा. तळघरातून घेतलेल्या बाटल्या केबिनमध्ये नेता येत नाहीत, चेक-इन बॅगेत मध्यभागी, जाड कपड्यांत गुंडाळून ठेवा.