टाइमस्टॅम्पची तारीख करताना या चुका टाळा

स्क्रीनवर जानेवारी १९७० दिसला की डेटाबेस बिघडला म्हणून बोंब मारू नका. बहुतेक वेळा टाइमस्टॅम्पच्या, म्हणजे आकड्यात साठवलेल्या वेळेच्या, कॉलममध्ये सेकंद असतात आणि तुम्ही ते मिलिसेकंद समजून वाचलेले असतात. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची वेळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते, तर जावास्क्रिप्ट आणि जावा यांचा डेट ऑब्जेक्ट मिलिसेकंद मागतो. १७०००००००० हे सेकंद म्हणजे यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) १४ नोव्हेंबर २०२३. तोच आकडा तसाच डेटमध्ये टाकला की २० जानेवारी १९७०. हजाराने गुणलं की झालं. जावात फक्त गुणण्याआधी लाँग (६४ बिटांचा पूर्णांक) करून घ्या, नाहीतर इंट (३२ बिटांचा पूर्णांक) ओव्हरफ्लो होतो, म्हणजे आकडा त्यात न मावता चुकतो, आणि एररसुद्धा येत नाही.

खरा घोळ होतो एकाच कॉलममध्ये दोन्ही प्रकार शिरले की. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये मोबाइल ॲप मिलिसेकंद लिहायचं आणि जुनी इम्पोर्ट स्क्रिप्ट सेकंद. एका घाईखोराने शॉर्टकट काढला: आकडा दहा अंकी असेल तर हजाराने गुणायचं, नाहीतर तसाच ठेवायचा. नव्या नोंदी झकास दिसल्या, कोड लाइव्ह गेला. मग जन्मतारखा आल्या. ९ सप्टेंबर २००१ च्या आधीचे सेकंद नऊ अंकी किंवा त्याहून लहान असतात, आणि १९७० च्या आधीचे तर उणे! १ जानेवारी १९९० म्हणजे ६३११५२०००. दहा अंक नाहीत, म्हणून गुणाकार नाही, म्हणून ८ जानेवारी १९७०. यादीतली कॉलेजची पोरं एका रात्रीत पन्नाशी पार करून बसली. दुरुस्तीला दोन दिवस गेले, कारण कुठली नोंद कोणी लिहिली याचा पत्ताच नव्हता.

तेव्हापासून मी एकक कॉलमच्या नावातच लिहितो आणि तारखेचं रूपांतर एकाच फंक्शनमध्ये ठेवतो. अंक मोजून अंदाज बांधणारा कोड रिव्ह्यूला आला की न वाचताच परत पाठवतो.

दुसरी खोड म्हणजे वेळ चुकली की हाताने तास मिळवणं. आज एकाने मिळवले, उद्या दुसऱ्याने रिपोर्टमध्ये पुन्हा मिळवले, आणि मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदी भलत्याच दिवसात. साठवायचं यूटीसीत, टाइमझोन लावायचा दाखवताना. पायथनच्या फ्रॉमटाइमस्टॅम्पला (आकड्याची तारीख करणाऱ्या फंक्शनला) टाइमझोन दिला नाही तर तो मशीनचा टाइमझोन धरतो. म्हणून लॅपटॉपवर बरोबर, सर्व्हरवर चूक. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाइमस्टॅम्प कॉलम सेशनच्या (त्या जोडणीच्या) टाइमझोननुसार बदलून मिळतो, डेटटाइम बदलत नाही. दोन्ही सारखेच समजणाऱ्यांनी मॅन्युअलचं ते एक पान तरी वाचावं.

जावाच्या तारखेच्या फॉरमॅटमध्ये छोटा एम म्हणजे मिनिटं, मोठा एम म्हणजे महिना.

कॉलम नल (रिकामा) असेल तर जेडीबीसीचं (जावातून डेटाबेस वाचायच्या सोयीचं) गेटलाँग शून्य देतं, म्हणजे पुन्हा १ जानेवारी १९७०. लगेच वॉजनल विचारा, म्हणजे आत्ता वाचलेली किंमत नल होती का ते कळतं.

आणि ३२ बिटांच्या साइन्ड (उणे आकडेही घेणाऱ्या) इंट कॉलममध्ये सेकंद साठवत असाल, तर १९ जानेवारी २०३८ च्या पुढची तारीख त्यात मावत नाही. वीस वर्षांचं कर्ज नोंदवणाऱ्याला ती आजच लागते.